टस्कनीच्या द्राक्षमळ्यांत कोठे जेवावे, काय प्यावे?

(महिला मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या महिला मंडळाने सुक्कोथचा सण आटोपल्यावर इटलीतील टस्कनी प्रांताची सहल योजिली आहे, हे आपणा सर्वांस ठाऊकच आहे. त्या प्रांतात मला दोन वेळा जाण्याचा योग आला. म्हणून सहलीची घोषणा झाल्यापासून मला ठिकठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो : "सिस्टर, तिकडे आपण जेवायचं कुठं आणि प्यायचं काय?" निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली तरी आपण मला सिस्टरच म्हणता, याचा मला आनंद वाटतो. एकेकीला वेगळे उत्तर देण्याऐवजी सर्वांसमोर एकदाच सांगावे, अशी सूचना मंडळाच्या चिटणीसबाईंनी केली. तदनुसार मी आज आपणासमोर उभी आहे.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्यातच आहेत. काही ज्येष्ठ भगिनी म्हणतात, "चिवडा, चकल्या आणि बिस्किटांचे पुडे बांधून न्यावेत, बाहेरचं काहीच नको." काही तरुण मंडळी म्हणतात, "आठ दिवसांचा तर प्रश्न आहे, परदेशात थोडं चालवून घ्यावं." मला ही दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. डब्यावर आठ दिवस काढायचे असतील, तर तो देश पाहिला काय आणि न पाहिला काय, सारखेच. आणि जे घरी चालत नाही ते परदेशात चालवून घेतले, तर तो नियम आपण पाळत होतो की केवळ शेजाऱ्यांना दाखवीत होतो, असा प्रश्न उरतो. आपला नियम पूर्णपणे पाळूनही टस्कनीत उत्तम जेवता येते आणि उत्तम वाईनही घेता येते. त्यासाठी दोन गोष्टी हव्यात : वाट आधी आखलेली असावी, आणि नियम सांगताना आपली जीभ गोड असावी.

प्रथम वाईनचा नियम समजून घेऊ, कारण घोटाळा तेथेच होतो. आपल्या घरांतून किद्दुश पिढ्यान्‌पिढ्या काळ्या मनुकांच्या सरबतावर होत आला. कोकणात काशेर द्राक्षारस मिळत नव्हता. तेव्हा आपल्या पूर्वजांनी मनुका भिजविल्या, कुस्करल्या, गाळल्या आणि त्या सरबतावर बेराखा म्हटली. सरबत घरच्याच हातचे असे. साहजिकच वाईन कोणाच्या हातची, हा प्रश्न आपल्या आयांना आणि आज्यांना कधी पडला नाही, आणि त्यांनी तो आपल्याला शिकविलाही नाही.

मांस घेताना आपण प्राणी कोणता आणि तो कापला कसा, हे पाहतो. वाईन घेताना मात्र ती कोणाच्या हातून झाली, हे पाहावे लागते. द्राक्षाचा वेल कोणीही लावावा, द्राक्षे कोणीही खुडावीत. परंतु द्राक्षे चिरडली आणि रस सालीपासून सुटू लागला, की तेथपासून बाटलीला बूच बसेपर्यंतचे सर्व काम शब्बाथ पाळणाऱ्या ज्यू माणसांनीच करावे लागते. याखेरीज ओर्लाचा नियम परदेशातील वेलींनाही लागू आहे. म्हणजे वेलीच्या पहिल्या तीन वर्षांचे फळ घेता येत नाही. द्राक्षांचा ताजा रस, वाईनचा सिरका, बाल्सामिक नावाचा काळा गोड सिरका, जेवणानंतर देतात ती ग्राप्पा नावाची कडक दारू आणि विन सान्तो नावाची गोड वाईन, ही सर्व द्राक्षांचीच अपत्ये आहेत. त्यांनाही हाच नियम. सॅलडवर टाकलेल्या चमचाभर सिरक्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

काशेर वाईनचेही दोन प्रकार असतात. जी तापविलेली असते तिला मेवुशाल म्हणतात. ती कोणीही ओतून दिली तरी चालते. जी तापविलेली नसते तिची बाटली आपणच उघडावी, आपणच ओतावी, आणि उघडल्यावर तिच्यावर आपलेच लक्ष असावे. बाटलीवरील हेख्शेर पाहताना हा शब्द आहे की नाही तेही पाहावे.

आता वाटेकडे वळू. आपला पहिला मुक्काम फ्लोरेन्स. तेथील मोठे सिनेगॉग १८८२ साली पूर्ण झाले. त्याचा हिरवा तांब्याचा घुमट शहराच्या कोणत्याही टेकडीवरून दिसतो. १९४४ साली माघार घेताना नाझींनी ते सुरुंगांनी उडविण्याचा प्रयत्न केला. परंतु प्रतिकार करणाऱ्या इटालियन लोकांनी बहुतेक सुरुंग निकामी केले आणि इमारत वाचली. या सिनेगॉगला लागूनच 'रूथ्स' नावाचे काशेर भोजनगृह आहे. तेथे मांस नसते. भाज्या, मासे, पास्ता आणि आपल्या ओळखीचे हुमुस, फलाफल असे पदार्थ असतात. टस्कनीत शिरताना पहिले निर्धास्त जेवण येथे घ्यावे. काशेर भोजनगृहांच्या वेळा शब्बाथ आणि सणांनुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनी करावा. शुक्रवारी संध्याकाळचे आणि शब्बाथचे जेवण हवे असल्यास ते आधीच सांगून ठेवावे लागते. त्या दिवशी दाराशी उभे राहून काहीही मिळत नाही.

फ्लोरेन्सहून दक्षिणेस सिएनाकडे जाताना जो डोंगराळ मुलूख लागतो तो क्यान्तीचा. १७१६ साली तिसऱ्या कोसिमो दे मेदिची या राज्यकर्त्याने हुकूम काढून या वाईनच्या प्रदेशाच्या सीमा ठरविल्या. आज ज्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचे चिन्ह असते ती क्यान्ती क्लासिको. तिच्यात किमान ८० टक्के सान्जोवेजे जातीची द्राक्षे असावी लागतात, आणि रिझेर्वा म्हणवून घेण्यासाठी ती २४ महिने मुरवावी लागते. याच प्रदेशात, सिएनाजवळच्या कास्तेलनुओवो बेरार्देन्गा या भागात, 'तेर्रा दी सेता' नावाचा मळा आहे. तेथील सर्व वाईन काशेर पद्धतीने होते. आधी वेळ ठरवून गेल्यास आपल्यासारख्या मंडळींना काहीही मनात न धरता चाखणी करता येते. क्यान्तीतील इतर मळ्यांतूनही खुशाल फिरावे, वेलींच्या रांगा पाहाव्यात, तळघरातील ओकची पिंपे पाहावीत. पेला मात्र नम्रपणे नाकारावा.

द्राक्षांची खुडणी तेथे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे रोश हाशाना, योम किप्पूर आणि सुक्कोथ हे सण नेमके त्याच दिवसांत येतात. द्राक्ष पिकले की ते सणासाठी थांबत नाही, आणि सण तर द्राक्षासाठी थांबूच शकत नाही. काशेर वाईन करणाऱ्याला दरवर्षी ही दोन कॅलेंडरे शेजारी ठेवून काम आखावे लागते. ती बाटली किंचित महाग का असते, याचे उत्तर येथे पुष्कळसे मिळते.

भोजनगृहे सोडून उरलेल्या दिवसांचे काय? माझा सल्ला असा की खेड्यांतून राहताना आग्रितुरिझ्मो निवडावे. आग्रितुरिझ्मो म्हणजे शेतकऱ्याच्या शेतावरील पाहुण्यांचे घर. १९८५ साली इटलीने यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि तेव्हापासून अशी घरे सर्वत्र झाली. पुष्कळ ठिकाणी खोलीसोबत लहान स्वयंपाकघर मिळते. एक पातेले, एक तवा, सुरी आणि लाकडी पाट आपण घरून नेला, की प्रश्न सुटला. तेथील ओव्हन वापरावयाचा असल्यास पदार्थ दुहेरी फॉइलमध्ये गुंडाळावा.

बाजारात काय घ्यावे? टोमॅटो, अंजीर, द्राक्षे, काळ्या पानांचा कोबी, पांढरे घेवडे, अंडी, आणि खवले व पर असलेला अख्खा मासा. ऑक्टोबरच्या अखेरीस ऑलिव्हची तोडणी चालू असते आणि गावोगावी तेलाचे घाणे सुरू होतात. त्या घाण्याला फ्रान्तोयो म्हणतात. शनिवार तेल्यांच्या नातवंडांनी तो घाणा अवश्य पाहावा. आपल्या पूर्वजांनी कोकणात बैलाच्या घाण्यावर तीळ आणि नारळ गाळले, शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि त्यावरूनच गावाने त्यांना नाव दिले. नव्या तेलाला हिरवा रंग आणि घशात किंचित तिखटपणा असतो. उत्तम प्रतीच्या, म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिन तेलात आम्लता ०.८ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा तेथे नियम आहे.

टस्कनीच्या पावात मीठ नसते. पहिला घास अळणी लागतो. परंतु रक्तदाबाच्या रुग्णांनी तक्रार करू नये, मी तर अभिनंदनच करीन. मात्र पाव दिसला म्हणून निःशंक घेऊ नये. इटलीत काही पावांत आणि रोट्यांत डुकराची चरबी घालतात. तिला स्त्रुत्तो म्हणतात. स्त्रुत्तो, लार्दो, पान्चेत्ता आणि मायाले हे चार शब्द पाठ करून ठेवावेत. चारही डुकराशी संबंधित आहेत. रिबोल्लिता नावाचे घेवड्याचे आणि कोबीचे दाट सूप दिसावयास निव्वळ शाकाहारी असते. पण काही स्वयंपाकघरांतून त्यात डुकराच्या कातडीचा तुकडा शिजवलेला असतो. पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचे चीज आणि पार्मिज्जानो हे गाईच्या दुधाचे. त्यांपैकी पार्मिज्जानोत वासराच्या जठरातील रेनेट असते. पेकोरिनोचे काही प्रकार वनस्पतीच्या रेनेटने करतात, हे खरे. तथापि चीजला हेख्शेर लागतोच, वनस्पतीच्या रेनेटने तो प्रश्न सुटत नाही.

ज्यांना समुद्रकिनारा पाहावयाचा असेल त्यांनी लिव्होर्नोस जावे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मेदिचींनी या बंदरात ज्यूंना सनद दिली आणि येथे कधीही घेट्टो उभारला गेला नाही. येथे हरभऱ्याच्या पिठात पाणी, तेल आणि मीठ घालून भट्टीत एक पातळ पोळा भाजतात आणि तो पावात घालून रस्त्यावर खातात. आपल्या बेसनाच्या धिरड्याची ही इटालियन मावसबहीणच. भट्टीत दुसरे काय भाजले जाते, हे मात्र विचारावे, आणि अशा ठिकाणी खावे की न खावे, हे आपापल्या रब्बींना विचारून ठरवावे. कोणाच्या घरची शिस्त किती कडक, यावर एकीने दुसरीला बोल लावू नये.

आता परिचारिका म्हणून माझा अधिकार आहे तेवढे बोलते. १२ टक्के मद्यार्काच्या वाईनचा १२५ मिलिलिटरचा एक पेला घेतला, तर सुमारे १२ ग्रॅम शुद्ध मद्यार्क पोटात जातो. चाखणीला पेला लहान भरतात, म्हणून आपण बेसावध राहतो. सहा वाईन चाखल्या आणि प्रत्येक वेळी ३० मिलिलिटर घेतले, तरी ते दीड पेला होते. चाखून थुंकण्यासाठी तेथे भांडे ठेवलेले असते. ते वापरणे म्हणजे अपमान नव्हे, जाणकारही तेच करतात. रक्त पातळ करणारी गोळी, झोपेची गोळी, किंवा साखर उतरविणारी गोळी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रिकाम्या पोटी वाईन घेतल्यास मधुमेहाच्या रुग्णाची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि लोकांना वाटते की बाईंना चढली. घाम, थरथर आणि गोंधळलेले बोलणे दिसले की आधी साखर तपासावी. दम्याच्या रुग्णांनी बाटलीवर सल्फाइटचा उल्लेख पाहावा. कॉफीने नशा उतरत नाही, वेळेनेच उतरते. गाडी चालविणाऱ्यासाठी इटलीत रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे. मी म्हणते, चालविणाऱ्याने पेल्याला हातच लावू नये. प्रसंग आल्यास ११२ क्रमांक फिरवावा.

आता शेवटच्या मुक्कामाविषयी. सिएनाहून मोटारीने सुमारे दोन तासांवर, दक्षिणेच्या मारेम्मा भागात पितिल्यानो हे गाव आहे. मऊ ज्वालामुखी दगडाच्या उंच कड्यावर घरे अशी उभी आहेत की कडा कोठे संपतो आणि भिंत कोठे सुरू होते ते कळत नाही. या गावाला लहान जेरुसलेम म्हणत. येथील सिनेगॉग १५९८ सालचे. त्याच्या खाली दगडात खोदलेल्या खोल्यांतून मिक्वा, खाटिकखाना, वाईनचे तळघर आणि पेसाहची मात्सा भाजण्याची भट्टी आपल्याला पाहता येते. आज तेथे नियमित प्रार्थनेसाठी मिन्यान जमत नाही. रेवदंड्याला आणि अलिबागला आपल्या मशिदी पाहून आलेल्यांना ती शांतता ओळखीची वाटेल. शब्बाथला ते ठिकाण बंद असते, त्यानुसार दिवस ठरवावा.

गावातील बेकऱ्यांतून स्फ्रात्तो नावाची मिठाई मिळते. अक्रोड, मध आणि संत्र्याची साल यांचे सारण पातळ कणकेच्या पापुद्र्यात गुंडाळून ती लांब काठीसारखी करतात. स्फ्रात्तो म्हणजे घराबाहेर काढणे. सतराव्या शतकात ज्यूंना घेट्टोत हाकलताना शिपाई त्यांच्या दारांवर काठीने ठोठावत. त्या काठीची ही आठवण, असे तेथे सांगतात. ज्या काठीने दार वाजविले तिची मिठाई करून खाणारे लोक कोणत्या मनाचे असतील! आज ती बहुतेक करून शेजारचे ख्रिस्ती बेकरच करतात. म्हणून घेण्यापूर्वी हेख्शेर विचारावा. तो नसेल तर डोळ्यांनी पाहून पुढे जावे.

या गावाची दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९४३ सालच्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने इटली व्यापली आणि ज्यूंची धरपकड सुरू झाली. याच ग्रोसेतो जिल्ह्यात रोक्कातेदेरिगी येथे ज्यूंना डांबण्याची छावणी होती आणि तेथून माणसे मृत्यूच्या वाटेवर पाठविली गेली. त्याच वेळी पितिल्यानोच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी ज्यू कुटुंबांना आपल्या शेतांवर आणि डोंगरातील गुहांत लपविले आणि महिनोन्‌महिने खाऊ घातले. सापडले असते तर त्यांचीही धडगत नव्हती.

आता विचार करा. ज्यांच्या आजोबांच्या हाताने आपल्या लोकांना भाकरी दिली, त्यांनाच आपण सांगणार की बाबा, तुझ्या हाताची वाईन मला चालत नाही. हे वाक्य उच्चारताना माझी जीभ अडखळली होती, हे मी आपल्यापासून लपवीत नाही. आपल्या समाजाला तर परकेपणाच्या चौकशीची चव ठाऊक आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी या देशात आपल्या विवाहांच्या वेळी आपल्या पूर्वजांची चौकशी होत असे, आणि आपल्या वडीलधाऱ्यांनी १९६४ साली तिच्याविरुद्ध लढा दिला. तू आमच्यातला की नाही, हा प्रश्न कानाला कसा लागतो, हे आपल्याइतके कोणास कळणार?

म्हणून मी नियम नीट वाचला आणि माझे समाधान झाले. नियम शेतकऱ्याला मळ्याबाहेर काढीत नाही. पितिल्यानोत शेतकऱ्यांची सहकारी वाईनरी आहे. या गावाची पांढरी वाईन, बियान्को दी पितिल्यानो, प्रसिद्ध आहे आणि तेथे काशेर वाईनही करण्यात आली आहे. तिची द्राक्षे गावच्या शेतकऱ्यांनीच वाढविलेली. वर्षभर छाटणी, राखण आणि खुडणी त्यांच्या हातची. रस सुटल्यापासूनचे काम आपल्या लोकांच्या हातचे. त्या बाटलीत दोन्ही हातांचे श्रम आहेत, आणि त्यांपैकी मोठा वाटा शेतकऱ्याचा आहे. तेव्हा "तुमची वाईन आम्हांला चालत नाही" असे न म्हणता, "आमचा एक जुना नियम आहे, बाटली मीच उघडीन, पण ही द्राक्षे आपली आहेत, आपले आभार" असे म्हणावे. मी असे म्हटले तेव्हा समोरच्या वृद्ध गृहस्थांनी बूच काढण्याचे यंत्र स्वतः माझ्या हाती दिले आणि ते एक पाऊल मागे सरकून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

तेव्हा भगिनींनो, चिवडा अवश्य न्या; तो गाडीत उपयोगी पडेल. पण पोटभर जेवण फ्लोरेन्सला, आपल्या हातचे जेवण शेतावरच्या घरी, आणि वाईनचा पेला त्याच मळ्यांत जेथे आपला नियम पाळला जातो. परतताना एक बाटली किद्दुशसाठी आणावी, ती सामानाच्या पेटीत कपड्यांत गुंडाळून ठेवावी, आणि ज्या शुक्रवारी ती उघडाल त्या शुक्रवारी मुलांना त्या शेतकऱ्यांविषयी सांगावे. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मनुकांचे सरबत करावे. त्याची बरोबरी क्यान्तीलाही येत नाही.

नावनोंदणीसाठी चिटणीसबाईंकडे वही ठेवली आहे. नाव लिहिताना शेजारी आपली औषधेही लिहावीत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते. शालोम.